जाबुलानी का डुलायचा: गोळा, हवा आणि 8 पॅनेलची भानगड

2026 च्या फुटबॉल वर्ल्डकपचा बॉल 4 पॅनेलचा (म्हणजे 4 तुकडे जोडून केलेला) आहे म्हटल्यावर जाबुलानीचा विषय परत निघालाच. 2010 ला साउथ आफ्रिकेतल्या वर्ल्डकपला जाबुलानी नावाचा हा 8 पॅनेलचा बॉल आला, गोलकीपर बोंबलले, आणि तेव्हापासून पॅनेल कमी म्हणजे बॉल वेडा असं लोकांच्या डोक्यात बसलंय. हे अर्धंच खरं आहे, म्हणून थोडं मागचं.

फार मागे जात नाही. 1851 चा तो स्टोक्सचा नियम, दाट द्रवात सावकाश पडणाऱ्या बारीक गोळ्याचा, सगळ्यांनी कॉलेजात घासलाय. तो धुक्याच्या थेंबाला चालतो, फुटबॉलला नाही. आपल्या कामाची गोष्ट सुरू होते 1912 ला. पॅरिसच्या विंड टनेलमध्ये (हवेचा झोत सोडून चाचणी करायचा बोगदा) गोळ्याचा ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे खेचणारा जोर, मोजला तर तो जर्मनीत ग्योटिंगेनला मोजलेल्यापेक्षा निम्म्याहून कमी निघाला. आधी वाटलं कुणाचातरी हिशोब चुकलाय, पण पॅरिसवाल्यांनी जास्त वेगाला मोजलं होतं आणि त्या वेगाला ड्रॅग खरंच कोसळतो. मग 1914 ला ग्योटिंगेनमध्ये गोळ्याच्या पुढच्या अंगाला एक बारीक तार गुंडाळून बघितली, आणि खडबड वाढवूनही ड्रॅग उलटा कमी झाला! तारेमुळे गोळ्यालगतचा हवेचा पातळ थर खवळतो, खवळलेला थर गोळ्याला जास्त मागेपर्यंत धरून राहतो, मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि मागे खेचणारा जोर घटतो. गुळगुळीत गोळ्याला हे रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार, हवेची घनता आणि चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) 3 ते 4 लाखांच्या दरम्यान होतं, ड्रॅग कोइफिशंट (ड्रॅग किती ते सांगणारा आकडा) 0.5 वरून 0.1 च्या आसपास येतो. याला ड्रॅग क्रायसिस म्हणतात. गोल्फच्या बॉलवरचे खळगे पण याचसाठी, पेटंट 1905 चं, म्हणजे कारण कळायच्या आधीचं.

आता फुटबॉल 22 सेंटीमीटरचा धरा, की हे 3-4 लाख येतात ताशी 75 ते 100 किलोमीटरवर, म्हणजे बरोब्बर दाबून मारलेल्या फ्रीकिकच्या स्पीडला. 1970 पासून 2002 पर्यंत बॉल 32 पॅनेलचे होते, एवढ्या शिवणी असल्या की क्रायसिस खाली सरकतो, 50 च्या आसपास. गोलवर इतकं हळू कोण मारतंय, त्यामुळे क्रायसिसच्या स्पीडजवळ बॉल डुलायचा हा प्रकार जाणवायचा तो फार क्वचित. मग 2006 ला शिवण जाऊन उष्णतेने चिकटवलेली 14 पॅनेल आली, कुरबुर तेव्हाच सुरू झाली होती.

आणि मग 2010. बॉल डिसेंबर 2009 मध्ये दाखवला, 8 पॅनेल, आजवरचा सगळ्यात गोल बॉल अशी जाहिरात. बनवणारे काही अडाणी नव्हते, जोड कमी झालेत हे त्यांना माहीत होतं म्हणून वरून बारीक रेघा पण दिल्या, टेस्टिंग केलं. पण जोड उथळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि रेघांना ती कसर भरून काढता आली नाही. नंतर कॅलिफोर्नियातल्या विंड टनेलमध्ये बघितलं तर हा बॉल डुलायचा ताशी 80 ते 88 किलोमीटरला, जुना 50 च्या जवळपास. स्पिन न देता मारला की एका बाजूचा थर जोडावर आपटून खवळतो, दुसऱ्या बाजूचा शांतच राहतो, बॉल बाजूला ढकलला जातो, आणि हळूहळू फिरत असेल तर बाजू बदलते आणि तो उलटा ढकलला जातो. क्रिकेटमध्ये सीम तिरकी धरून बॉलर हेच मुद्दाम करतो, फक्त इथे मारणाऱ्यालाही माहीत नसतं कुठे जाणार.

यावर बॉलची बाजू घेणारे म्हणायचे की दोष बॉलचा नाही, उंचीचा आहे. जोहान्सबर्ग साधारण 1750 मीटरवर, हवा 15 टक्के तरी विरळ. मुद्दा चुकीचा नाही, पण पूर्ण सांगत नाहीत. विरळ हवेत ड्रॅग कमी होतो, स्पिनचा वळसा कमी होतो, आणि त्याच हिशोबाने क्रायसिसचा स्पीडही वर सरकतो, 80 चा होतो नव्वदीच्या पुढे. म्हणजे आधीच वर नेऊन ठेवलेली अडचण उंचीने अजून वर नेली. शिवाय केपटाउन, डर्बन समुद्रकाठीच आहेत आणि तक्रारी तर स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सरावातच चालू झाल्या होत्या. माझ्या मते निर्णयच चुकला. अगदी गोल आणि गुळगुळीत म्हणजे चांगला हे गृहीतच धरायला नको होतं, 1914 पासून माहीत होतं की गुळगुळीत गोळा हवेत चांगलाच असं काही नाही.

तरी बॉल खेळण्यालायक नव्हता असं नाही. रुस्टेनबर्गला जपानने डेन्मार्कला एकाच मॅचमध्ये दोन फ्रीकिक मारले, आणि उरुग्वेचा एक स्ट्रायकर, काही लांबून मारलेले धरून, 5 गोल करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्याला जमला त्याला जमला.

2014 ला पॅनेल आणखी कमी, 6, आणि ओरड जवळपास बंद! कारण पॅनेलचे आकार असे वळणदार की जोडांची एकूण लांबी जाबुलानीच्या दीडपटीहून जास्त, खोली दीड मिलिमीटरपर्यंत, आणि क्रायसिस परत खाली, 32 पॅनेलवाल्याच्या जवळ. 2018 ला परत 6, 2022 ला 20, आता 4 पण खोल खाचांसकट. तेव्हा पॅनेल मोजून काही कळत नाही, जोड किती लांब आणि किती खोल ते बघावं लागतं. आणि उंचीचा वाद यावेळी परत निघणार, कारण काही मॅच मेक्सिको सिटीला आहेत, 2200 मीटरच्या वर, म्हणजे जोहान्सबर्गपेक्षाही उंच.