पदक मोजू नका, क्लास्प वाचा

जुन्या फोटोतल्या ब्रिटिशकालीन लष्करी डॉक्टरच्या छातीवर दोन पदकं दिसली, की ‘याने दोन युद्धं केली’ असं ठोकून देणाऱ्यांचा आता कंटाळा आलाय.

पदक सगळ्यांना माहीत असतं: चांदीची चकती, वर फीत. मोहिमेत हजर होता म्हणून मिळायचं. शौर्यासाठी १८५६ पासून व्हिक्टोरिया क्रॉस वेगळा होता. विषय संपला. खरा घोळ फितीवरच्या, मोहिमेचं नाव असलेल्या आडव्या पट्टीचा, म्हणजे क्लास्पचा.

१८५४ चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल घ्या. ‘५४ साली युद्ध कुठलं?’ असं विचारतात. अहो, ते पदक सुरू झाल्याचं साल! त्यावरचा पहिला क्लास्प ‘पेगू’, १८५२-५३ च्या दुसऱ्या बर्मा युद्धाचा. पुढे चाळीस वर्षं उंबेला, लुशाई अशा मोहिमांचे क्लास्प त्याच पदकावर चढत गेले. नवी मोहीम झाली की नवी पट्टी, चकती तीच. चार मोहिमा केलेल्या सर्जनकडेही पदक एकच असू शकतं.

१८५७ च्या उठावाच्या पदकाला पाच क्लास्प, त्यांतले तीन एकट्या लखनौचे. ‘डिफेन्स ऑफ लखनौ’ हा रेसिडेन्सीत, म्हणजे तिथल्या इंग्रज रेसिडेंटच्या आवारात, अडकलेल्यांचा. सप्टेंबरात त्यांना सोडवायला गेलेली हॅवलॉक-औट्रमची फौज स्वतःच आत अडकली, म्हणून तिलाही हाच मिळाला. ‘रिलीफ’ हा नोव्हेंबरात आलेल्या कॅम्पबेलच्या फौजेचा. नुसता ‘लखनौ’ म्हणजे मार्च १८५८ मध्ये शहर घेणारे. आपल्याकडे ‘झाशीचं मेडल’ म्हणतात, पण झाशी नावाचा क्लास्पच नाही. ह्यू रोजची झाशी-काल्पीची मोहीम ‘सेंट्रल इंडिया’त येते. आणि हे पदक क्लास्पविना दिसलं तर पट्टी हरवली असं समजू नका. कित्येकांना ते तसंच दिलं होतं.

असिस्टंट सर्जन विल्यम ब्रायडन बघा. काबूलहून माघार घेताना कापल्या गेलेल्या ब्रिटिश फौजेतून १३ जानेवारी १८४२ ला जलालाबादला पोचला तो हाच. (‘एकटाच वाचला’ हीसुद्धा लोणकढी, कैदी आणि काही शिपाई नंतर परतले.) काबूलच्या त्या माघारीला पदक नाही, जलालाबादच्या बचावाला आहे. पुढे तो बर्मा युद्धात होता आणि ५७ ला रेसिडेन्सीत मांडीला गोळी खाल्ली. त्याची कारकीर्द कळते ती ‘पेगू’ आणि ‘डिफेन्स’वरून.

विकत घेणाऱ्यांनी एवढं बघावं: नाव असलंच तर चकतीच्या कडेवर असतं, क्लास्पवर नाही. किंमत वाढवायला दुसऱ्याची पट्टी चढवणारे विक्रेते आहेत. मेडल रोल, म्हणजे पदक कुणाला मिळालं याची सरकारी यादी, तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.