हीटरचे पाईप गळत असतील तर
जुनी सुमो, क्वालिस, बोलेरो सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

‘रेडिएटरमध्ये सारखं पाणी घालावं लागतंय, पण गाडीखाली थेंब दिसत नाही,’ अशी तक्रार असेल तर आधी बॉनेट उघडून इंजिनाच्या मागच्या बाजूला बघा. तिथून दोन रबरी पाईप डॅशबोर्डच्या आत जातात. एकातून इंजिनाचं गरम पाणी हीटर कॉइलमध्ये (गाडीच्या आतली हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) जातं, दुसऱ्यातून परत येतं. गळती बहुतेक वेळा क्लिपच्या तोंडाशीच असते. इंजिन गार असताना पाईप दाबून बघा. बारीक चिरा दिसल्या किंवा क्लिपजवळ रबर लिबलिबीत लागलं, तर तो पाईप संपला. वरून ऑइल किंवा डिझेल ठिबकत असेल तर रबर आणखी लवकर फुगतं. ती गळती आधी काढावी लागते, नाहीतर नवा पाईपही तसाच जातो.

पायाखालचा गालिचा ओला असेल, आत गोडसर वास येत असेल, काचेवर पुसूनही न जाणारा चिकट थर बसत असेल, तर दोष बहुधा कॉइलचा. ते काम वेगळं आणि मोठं. डॅशबोर्ड खोलावा लागतो.

‘कोल्हापुरात हीटर लागतो कुठं? दोन्ही पाईप एकमेकांना जोडून हीटर बंद करा,’ असं बरेच जण सांगतात. वाटेत पाईप फुटला तर घरी पोचण्यापुरतं ते ठीक. कायमचं मात्र करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुलैत गगनबावडा किंवा आंबा घाट उतरताना काचेवर आतून वाफ धरते. एसी बंद पडलेल्या जुन्या गाडीत ती घालवायला हीटरच हाताशी असतो.

आम्ही दोन्ही पाईप आणि सगळ्या क्लिपा एकदमच बदलतो. जुना पाईप पिळून ओढत नाही, ब्लेडनं उभा चिरून काढतो, कारण कॉइलची नळी पातळ असते आणि जोर लावला तर तीच फाटते. नळीवरचा गंज पॉलिश पेपरनं घासल्याशिवाय नवा पाईप चढवत नाही. शेवटी हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन चालू करून आतली हवा काढतो. हे काम घाईचं नाही, म्हणून गाडी थोडा वेळ आमच्याकडे राहू द्या.

बोअरचं पाणी भरू नका; क्षार साचून कॉइल तुंबते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं पुरेसं आहे. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे सांडलेलं लगेच धुऊन टाका, कुत्री-मांजरं चाटतात.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. पाणी फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो, काटा खाली दिसतो आणि इंजिन तापतच राहतं. शंका आली की गाडी बाजूला घेऊन बंद करा.

पाईप बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा. उरलेली हवा निघून ती थोडी उतरू शकते. तेवढं कूलंट भरा. पुन्हा उतरली तर गाडी घेऊन या. क्लिप परत आवळायचे पैसे आम्ही घेत नाही.