बंद खाण श्वास घेते, म्हणजे नेमकं काय करते?

चंद्रपूर-वणीकडच्या एखाद्या जुन्या कोळसा खाणीचं तोंड विटांनी बंद केलेलं असतं, पण भिंतीला भगदाड पडलेलं असतं. तिथे सकाळी आठ-नऊच्या सुमारास सुती दोरा धरला, तर बरेचदा तो आतल्या बाजूला ओढला जातो. दुपारी तीनला तोच दोरा बाहेर फडकतो. (दोराच धरायचा. उदबत्ती किंवा काडी नाही, कारण पुढे येईलच.)

आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या आसपास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलनं (दाब मोजायचं एकक) उतरतो. एकूण दाब हजाराच्या आसपास, त्यात चार म्हणजे अगदीच किरकोळ. पण आत एक लाख घनमीटर पोकळी असेल, तर तेवढ्यानंच सुमारे ४०० घनमीटर हवा बाहेर पडते. साध्या दहा-अकरा खोल्या भरतील इतकी. वादळाआधी किंवा पावसाळी कमी दाबाच्या पट्ट्यात दाब याहून जास्त पडतो, तेव्हा उच्छ्वासही मोठा असतो. म्हणून सकाळी दोघं मित्र आत जाऊन सुखरूप आले, यावरून दुपारबद्दल काहीच सिद्ध होत नाही. वाट तीच असली तरी हवा बदललेली असते.

बाहेर येते ती हवा गोफातली, म्हणजे कोळसा काढून झाल्यावर उरलेल्या पोकळीतली. तिथे उरलासुरला कोळसा, पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) आणि कुजणारे लाकडी टेकू वर्षानुवर्षं ऑक्सिजन खात बसलेले असतात. उरतो मुख्यतः नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो; खाणीत काम करायला भारतीय नियमांनुसार किमान १९ लागतो. सहाच्या खाली गेला की काही श्वासांतच माणूस बेशुद्ध पडतो. घुसमट जाणवेल म्हणावं, तर शरीर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याची बोंब मारतं, ऑक्सिजन कमी झाल्याची नाही. नायट्रोजनच जास्त असेल तर पाय लटपटेपर्यंत काही कळत नाही.

विहिरीत कंदील सोडून पाहायची जुनी रीत इथे दोनदा फसते. ज्योत विझते साधारण १६-१७ टक्क्यांना, म्हणजे इशारा उशिरा मिळतो. आणि हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर ज्योत इशारा देत नाही, स्फोटच घडवते. मिथेन हलका, छताशी साचतो. कार्बन डायऑक्साइड जड, उतारावर आणि खड्ड्यात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास आहे, पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या घरात गेलं की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं मुळीच नाही.

मग चार वायूंचा (ऑक्सिजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड) डिटेक्टर? तो हवाच, पण त्याच्याही खोडी आहेत. मिथेनचा सेन्सर उत्प्रेरकी असेल तर त्याला वायू जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन दहा टक्क्यांखाली गेला की तो मिथेन कमी दाखवतो. म्हणून ऑक्सिजनचा आकडा आधी वाचायचा. कार्बन डायऑक्साइड हे चारवालं यंत्र सहसा मोजतच नाही, त्याला वेगळा सेन्सर लागतो. उपकरण मोकळ्या हवेत सुरू करून शून्यावर आणायचं, खाणीच्या तोंडाशी नाही. नळीनं नमुना ओढताना दर मीटरला तीन-चार सेकंद आणि वर सेन्सरसाठी मिनिटभर थांबायचं. छताशी, छातीशी, पायाशी अशा तीन नोंदी हव्यात. आणि हे सगळं खाणीच्या परवानगीनं, प्रशिक्षित माणसांनी. हौशी जोडीनं नाही.

जोडीचं गणित तर फारच वाईट. पहिला कोसळला की दुसरा धावतो, वाकतो, आणि जिथे जड वायू साचला आहे नेमक्या तिथेच तोंड नेतो. फडकं बांधून उपयोग नाही. गाळणीच्या मास्कनंही नाही, कारण मास्क वायू गाळेल पण नसलेला ऑक्सिजन कुठून आणेल? पाठीवर सिलिंडर असलेलं बचाव पथकच आत जाऊ शकतं. बाहेरच्यानं खाणीच्या तोंडापासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकून ११२ लावायचा आणि माणूस आत किती वाजता गेला तेवढं नीट सांगायचं.