एका गोळीनं का भागत नाही?

खानापूर तालुक्यातल्या माझ्या काकूंच्या पाठीवर आणि दंडांवर फिकट चट्टे उठले होते. आशाताईंनी त्यांना डोळे मिटायला लावले, बॉलपेनाचं टोक अंगाला टेकवलं आणि लागेल तिथं बोट ठेवायला सांगितलं. चांगल्या कातडीवर बोट नेमकं पडलं. चट्ट्यावर पेन टेकलं तेव्हा काकू नुसत्या बसून राहिल्या. त्यांना कळलंच नव्हतं.

कुष्ठरोगाचं निदान झालं, बारा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात चेहरा काळवंडला आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली: गोळ्या बाधल्या, नागाचा दोष आहे, शांत करून घ्या. काकू मला म्हणाल्या, "तीन-तीन गोळ्या कशाला रे? एक खाऊन भागत नाही काय?"

जगानं खरोखरच एका गोळीवर भागवून पाहिलं आहे. १९४०च्या दशकात डॅप्सोन हे औषध आलं, रुग्ण बरे होऊ लागले. पण १९६०च्या दशकात त्याला न जुमानणारे जंतू सापडले. ते आले कुठून? आधीपासूनच अंगात होते.

१८७३ मध्ये हॅन्सन यांनी शोधलेला हा जंतू फार सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. तरी आजार बळावलेल्या रुग्णात दहा हजार कोटी जंतू असू शकतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत क्वचित चूक राहते. अशा चुकीमुळं साधारण दहा लाखांत एक जंतू डॅप्सोनला दाद देत नाही. म्हणजे दहा हजार कोटींत एक लाख! नुसतं डॅप्सोन दिलं की बाकीचे मरतात आणि हे लाखभर मोकळ्या रानात वाढतात. दुसरं औषध रिफॅम्पिसिन. त्याला दाद न देणारा जंतू कोटीत एक, म्हणजे अंगात दहा हजार. पण दोन्ही चुका एकाच जंतूत जमायच्या तर हिशेब गुणाकाराचा होतो: दहा लाख कोटींत एक. तेवढे जंतू अंगात नसतातच. वर तिसरं औषध, क्लोफाझिमिन, आलं की आणखी दहा लाखांनी गुणा. प्रत्येक औषधाचा घाव निराळ्या ठिकाणी बसतो: डॅप्सोन जंतूला वाढीसाठी लागणारं फोलेट बनवू देत नाही, रिफॅम्पिसिन आरएनए बनवणारं विकर अडवतं, क्लोफाझिमिन डीएनएला चिकटतं. म्हणून एकाच्या तावडीतून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही बहुविध औषधयोजना सुचवली, १९९५ पासून ती जगभर फुकट मिळते. २००५ अखेर भारतात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि 'निर्मूलन' जाहीर झालं. पण तो आकडा देशाच्या सरासरीचा. आजही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

चेहऱ्याचा काळेपणा क्लोफाझिमिनचा, गोळ्या संपल्यावर तो हळूहळू उतरतो. नागाचा त्यात काही संबंध नाही. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच सरते, तेव्हा काकूंचा पेला वेगळा ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे. बोटंही जंतू खात नाही. नस बधीर होते, चटका कळत नाही, जखम चिघळते.

काकूंची डावी करंगळी बधीरच राहिली. भाकरी करताना त्या हाताला जाड फडकं गुंडाळून बसतात. अकरावं पाकीट चालू आहे.