किरणांच्या जोडीला ४२ अंशांची उष्णता

गर्भाशयमुखाचा कर्करोग आजूबाजूला पसरला, की शस्त्रक्रियेने तो काढून टाकणं बहुधा शक्य नसतं. मग सारी भिस्त रेडिओथेरपीवर, म्हणजे किरणांच्या उपचारावर. नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात अशा ११४ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या जणींना नुसती रेडिओथेरपी, उरलेल्यांना तीच रेडिओथेरपी आणि आठवड्यातून एकदा ओटीपोटाला उष्णता. नुसत्या किरणांनी ५७ टक्के जणींची गाठ पूर्ण नाहीशी झाली. उष्णता जोडल्यावर ८३ टक्के जणींची. तीन वर्षांनी पहिल्या गटात २७ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, दुसऱ्यात ५१ टक्के. बारा वर्षांनीही हा फरक टिकून होता. याच चाचणीत मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्णही होते. त्यांना सुरुवातीला झालेला फायदा मात्र पुढे ओसरला.

ही उष्णता साधारण ४२ अंश सेल्सिअसची, म्हणजे कडक तापापेक्षा थोडीच जास्त. एवढ्याने इतका फरक का पडावा? किरण पेशीच्या डीएनएवर घाव घालतात आणि तो घाव पक्का व्हायला ऑक्सिजन लागतो. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या तिला पुऱ्या पडत नाहीत, त्यामुळे आतल्या पेशी ऑक्सिजनविना तग धरतात आणि किरणांनाही दाद देत नाहीत. पण रक्तपुरवठा तोकडा म्हणून तिथली उष्णता वाहून जात नाही, आम्लताही वाढलेली असते, आणि अशा पेशी उष्णतेला लवकर बळी पडतात. डीएनएची प्रत काढण्यात गुंतलेल्या पेशींचंही तसंच: किरणांना चिवट, उष्णतेला हळव्या. शिवाय तुटलेला डीएनए सांधणारी यंत्रणा उष्णतेने काही तास लुळी पडते. स्तनाच्या कर्करोगामुळे अनेकांना ठाऊक झालेलं बीआरसीए-२ हे प्रथिन त्या यंत्रणेतलंच. ४१ ते ४२.५ अंशांना ते पेशीत नष्ट होऊ लागतं, हे २०११ साली दाखवलं गेलं. मला या उपचारात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की किरण जिथे कमी पडतात नेमक्या तिथेच उष्णता कामी येते.

ती शरीरात खोलवर पोचवणं मात्र सोपं नाही. रुग्णाच्या कमरेभोवती अँटेनांचं कडं असतं आणि त्वचा पोळू नये म्हणून मध्ये गार पाण्याच्या पिशव्या. अँटेनांतून निघून गाठ तापवणाऱ्या लहरी एफएम रेडिओच्या पट्ट्याजवळपासच्या. मूत्राशयात, योनीमार्गात, गुदाशयात बारीक तापमापक बसवलेले असतात. तंत्रज्ञ त्यांचे आकडे बघत लहरींचा जोर आणि रोख बदलत राहतो. ‘इथे चटका बसतोय’ असं रुग्णाने म्हटलं, की त्या बाजूचा जोर लगेच कमी करायचा. असा तास-दीड तास जातो.

एकेका अंशाला इथे किंमत आहे. ४३ अंशांना तासाभरात जो परिणाम होतो, त्यासाठी ४२ अंशांना साधारण चार तास लागतात. अमेरिकेत १९८०च्या दशकात झालेल्या एका मोठ्या चाचणीत एकूण फायदा दिसलाच नाही. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींमध्ये तेवढा दिसला, कारण मोठ्या गाठी पुरेशा तापतच नव्हत्या. रोज तापवूनही चालत नाही. एकदा तापलेल्या पेशी संरक्षक प्रथिनं तयार करतात आणि दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाहीत. घरी गरम पाण्याची पिशवी ठेवून यातलं काहीच साधत नाही, फक्त किरणांनी हुळहुळलेली कातडी भाजते.

मुंबईतही हे करून पाहिलं गेलं आहे. नानावटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या, बऱ्याच पुढे गेलेल्या कर्करोगाच्या पन्नासेक रुग्णांवर चाचणी घेऊन २०१० साली निष्कर्ष मांडले. गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण किरणांनी ४२ टक्के होतं, उष्णतेसह जवळपास ७९. चाचणी लहान होती, पण तंबाखूने तोंडाचे कर्करोग होणाऱ्या आपल्या राज्यात तिचा मोठ्या प्रमाणावर पाठपुरावा व्हायलाच हवा.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. डच चाचणीतली तुलना नुसत्या किरणांशी होती. १९९९पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध देण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यानेही आयुष्य वाढतं. त्या दोन्हींत उष्णतेची आणखी भर घालून किती लाभ होतो, याचे पुरावे तितके भक्कम नाहीत. पण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना जड जातं. ज्यांना ते झेपत नाही अशा स्त्रियांना नेदरलँड्समध्ये आजही किरणांसोबत उष्णता दिली जाते.