‘आमच्या गावात कोणी विचारलेच नाही’
यवतमाळकडच्या पानठेल्यांवर दर निवडणुकीत एक समज ऐकू येतो: गावात कोणी विचारायला आले नाही, त्याअर्थी वाहिन्यांची मतचाचणी बनावटच. निरीक्षण खरे, निष्कर्ष चुकीचा. नमुना यादृच्छिक असेल, म्हणजे विचारले जाण्याची संधी प्रत्येक मतदाराला सारखीच असेल, तर राज्याचा कल कळायला काही हजार मतदार पुरतात. उलट १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक उत्तरे गोळा करूनही अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांचा पराभव वर्तवला आणि ते प्रचंड मतांनी जिंकले. खोट कोणाला विचारले त्या निवडीत असते: २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात, ऐन कापूस वेचणीत झाली, अशा दिवसांत दुपारी येणाऱ्या प्रश्नकर्त्याला, बाया वावरात असल्याने, पारावरची पुरुषमंडळीच भेटणार. वाहिनीचा पक्षपात बहुधा त्यापुढे शिरतो, टक्केवारीवरून जागा कशा काढल्या हे न सांगता सोयीचा आकडा मथळ्यात झळकवताना.