त्रास नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही?

‘हार्मोनची गोळी घेऊन अंगातून गरम वाफा येत नसतील, तर ती लागू पडत नाही, डोस वाढवून घ्या.’ स्तनाच्या कॅन्सरबद्दलचा हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. कडू तेच गुणकारी, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

टॅमॉक्सिफेन ही अशीच एक गोळी. ती कॅन्सरच्या पेशीतली इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची जागा अडवते. वाफा येतात त्या मात्र मेंदूतल्या तापमान-नियंत्रणामुळे. म्हणून वाफांवरून पेशीत काय चाललंय ते कळत नाही. गोळीचा उपयोग होण्यासारखा आहे का, हे बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये पाहता येतं. तिथे ‘ईआर’ची, म्हणजे इस्ट्रोजेनच्या या जागेची ओळ शोधा. ती निगेटिव्ह असेल (आणि ‘पीआर’, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनच्या जागेची ओळही), तर कितीही घाम फुटला तरी सहसा फायदा नाही.

डोस? टॅमॉक्सिफेन साधारणपणे रोज २० मिलिग्रॅम. ४० देऊनही पाहिलं गेलंय, जास्त फायदा दिसला नाही. लेट्रोझोल ही दुसरी हार्मोनची गोळी तर २.५ मिलिग्रॅमचीच असते. आकडा लहान म्हणून औषध कमजोर नव्हे. फरक पडतो तो ५ वर्षं, काहींना १० वर्षं, गोळी न चुकता घेण्याने.

आणि त्रास झालाच, तर ‘गुण येतोय’ म्हणून सोसत बसू नका. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, एकाच पोटरीला सूज आली किंवा अचानक दम लागला, तर लगेच डॉक्टर गाठा.